विहिरीचे खाते

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त 2025 च्या संक्रांतीच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. दरवर्षी या समारंभात माझे काम म्हणजे तिळगुळाचे ताट फिरविणे आणि शेवटी सतरंज्या गोळा करणे. यंदा अध्यक्षबाईंनी बोलावयास सांगितले तेव्हा मी दोनदा नाही म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा लांब होती, म्हणून तेवढ्यावर थांबले. परंतु बाई म्हणाल्या, “तुम्ही विहिरीत दोर सोडून काय मोजत असता, ते तरी सांगा. अर्धे गाव विचारते.” तेव्हा तेवढेच सांगावयाचे कबूल केले. त्याबरोबर आमच्या घरची एक चूकही सांगणार आहे. तिच्यावाचून हे सारे अर्धे राहील.

आपले गाव कोरडवाहू. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले, तरी आपल्या तोंडी अजून नगरच येते. पाऊस बेताचा. सासूबाई सांगत की 1972 च्या दुष्काळातही गावविहिरीला तळाशी का होईना, पाणी होते. बायका रात्री नंबर लावून वाटीवाटीने हंडा भरीत. पण विहीर अगदी कोरडी कधी पडली नाही. तीच विहीर 2024 च्या फाल्गुनात कोरडी पडली आणि टँकर आला. 2023 साली पावसाने ओढ दिली होती, सरकारने राज्यातील 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता, हे खरे. परंतु बहात्तर साली जी टिकली ती चोवीस साली का टिकू नये, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते. 2019 च्या वैशाखात आम्ही रानात बोअर घेतला. यंत्र रात्रभर घरघरत होते. साडेचारशे फुटांच्या पुढे गेल्यावर अडीच इंची पाणी लागले. नारळ फोडला, पेढे वाटले. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ते पेढे खाल्ले आहेत. बोअरचे कर्ज फेडावयाचे म्हणून एक एकर ऊस लावला. पहिल्या बिलात माझ्या कानांतली ही फुले झाली. ती मी हौसेने मिरवली, हेही लपवीत नाही.

आमच्या बांधाला लागून शेजारच्या वहिनींचे रान आहे. त्यांची विहीर जुनी, जेमतेम तीस फूट. त्या पाण्यावर त्या पाव एकरात मेथी, वांगी, कोथिंबीर करीत आणि बाजारच्या दिवशी पाटी घेऊन जात. त्यांचे मालक गेल्यापासून घर त्या पाटीवरच चालले. पूर्वी त्यांचे पाणी चैत्रापर्यंत पुरे. आमचा बोअर झाल्यावर ते माघातच तळ गाठू लागले. वहिनी कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त आमच्याकडे हळदीकुंकवाला येईनाशा झाल्या. मी मनात म्हणे, काय झाले असेल बाई यांना?

2022 च्या माघात आमच्या बोअरची मोटर जळाली. ती भरून यावयास सहा दिवस लागले. सातव्या दिवशी मी बांधावर गवत कापीत होते, तर वहिनींच्या विहिरीवर पोहऱ्याचा आवाज आला. मी जाऊन डोकावले. आठवड्यापूर्वी जेथे ओला चिखल होता, तेथे गुडघाभर पाणी होते. पाऊस नाही, कालवा नाही, मग पाणी आले कोठून? मी वहिनींकडे पाहिले, वहिनींनी माझ्याकडे पाहिले. त्या एवढेच म्हणाल्या, “तुमची मोटर बंद आहे ना?”

दुसऱ्या दिवशी आमची मोटर सुरू झाली, आणि तीन दिवसांत त्यांचे पाणी पुन्हा गेले.

वहिनी आज येथे बसल्या आहेत. त्यांना विचारूनच मी हे सांगत आहे.

त्याआधी, 2021 च्या पावसाळ्यानंतर, मी पाण्याविषयीच्या एका शिबिराला गेले होते. केंद्र सरकारने 2019 च्या डिसेंबरात अटल भूजल योजना जाहीर केली. महाराष्ट्र धरून सात राज्यांत ती आली, आणि त्यातूनच अशी शिबिरे निघाली. तेथे एक भूजलशास्त्र शिकलेल्या बाई आल्या होत्या. त्यांनी जे सांगितले ते मला वहिनींच्या विहिरीपाशी नीट समजले.

त्यांनी सांगितले की महाराष्ट्राचा पाचांतील चार वाट्यांहून अधिक भाग काळ्या कातळावर आहे. हा कातळ वाळूसारखा पाणी धरीत नाही. वर माती, तिच्याखाली मुरूम आणि कुजलेला दगड, त्याखाली भेगा असलेला खडक. मुरणारे बहुतेक पाणी या वरच्या पन्नास-साठ फुटांतच साठते. त्याच्याखाली घट्ट पाषाण आणि मधूनमधून एखादी चीर. आपण चारशे-पाचशे फूट खाली जातो तेव्हा पाण्याचा वेगळा समुद्र लागत नाही. एखादी चीर लागते, आणि पुष्कळदा त्या चिरेला वरचेच पाणी येऊन मिळालेले असते. तेव्हा खोल बोअरने नवे पाणी सापडले असे नव्हे. शेजारच्या विहिरीतले पाणी आपल्या पाइपात आले, असेही असू शकते. आणि खरोखरच खोलातले असले, तर ते मुरावयास किती तरी वर्षे गेलेली असतात. उपसावयास दोन उन्हाळे पुरतात.

म्हणजे पाणी जमिनीखाली असले तरी बांध जमिनीवरच असतो. खाली बांध नाही.

त्या बाईंना मी विचारले, “आपण पाणी जास्त उपसतो की बेताने, हे कळावे कसे?” त्या म्हणाल्या, “घरखर्च जास्त झाला हे तुम्हाला कसे कळते?” मी म्हटले, “महिनाअखेरीला डबा वाजला की कळते.” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “विहिरीचा डबा वर्षातून एकदाच भरतो. तो किती भरला ते दिवाळीला पाहा आणि किती उरला ते वैशाखात पाहा.”

तेव्हापासून मी दोर घेऊन जाते. नायलॉनचा दोर आहे. दर फुटाला पांढऱ्या रंगाची खूण केली आहे आणि टोकाला लोखंडी नटबोल्ट बांधला आहे. गावविहिरीच्या कठड्यावर एक खूण कोरली आहे, तेथूनच सोडावयाचा. वजन पाण्याला लागले की आवाज येतो, दोर सैल पडतो. सकाळी मोटरी सुरू होण्यापूर्वी मोजावयाचे, नाही तर खरे माप कळत नाही. सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणासुद्धा ठरलेल्या विहिरींत वर्षातून चार वेळा असेच माप घेते. त्यांच्याजवळ चांगली साधने आहेत, माझ्याजवळ दोर आहे; रीत तीच.

मुलाच्या जुन्या वहीत मी आकडे लिहिले आहेत. 2021 च्या दिवाळीत पाणी कठड्यापासून 9 फुटांवर होते. 2022 ला पाऊस चांगला झाला, ते 7 फुटांवर आले. 2023 ला 26 फुटांवर गेले. आणि 2024 च्या दिवाळीत 12 फुटांवर आहे. आता 2021 आणि 2024 या दोन वर्षांचा पाऊस आपल्याकडे जवळजवळ सारखा, साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. पाऊस सारखा, मग पाणी तीन फूट खाली का?

मी घाईने बोट दाखवीत नाही. बाईंनी बजावले होते की एका वर्षावरून निकाल देऊ नये, निदान पाच वर्षे पाहावी. तेवीसच्या दुष्काळात आपण विहीर तळापर्यंत खरवडली होती. तेव्हा चोवीसच्या पावसातला बराच वाटा आधी ती उसनवारी फेडण्यात गेला असेल. परंतु दुसरी गोष्टही वहीत आहे. 2018 मध्ये आपल्या शिवारात शेतीचे बोअर सहा होते. आज तेवीस आहेत. मी एकेक मोजले आहेत. उसने घेणारे चौपट झाले आणि पाऊस तेवढाच राहिला, तर फेड व्हावी कशी?

आता जमाखर्च मांडते. माझे गणित सातवीचे. पण याला गुणाकार आणि बेरीज-वजाबाकी एवढेच लागते.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आपले शिवार सुमारे 800 हेक्टर, म्हणजे दोन हजार एकर. साधारण वर्षी पाऊस 500 मिलिमीटर धरला, तर शिवारावर 400 कोटी लिटर पाणी पडते. आकडा ऐकून पोट भरते. पण त्यातले पुष्कळसे वाहून जाते, पुष्कळसे उन्हाने आणि झाडाझुडपांनी उडते. आपल्यासारख्या कातळाच्या मुलखात शंभरातले सात ते तेरा एवढेच खाली मुरते असे जाणकार धरतात. आपण दहा धरू. म्हणजे विहिरींच्या खात्यावर जमा 40 कोटी लिटर.

आता खर्च. गावात माणसे दीड हजार. माणशी रोज 55 लिटर धरले तर वर्षाचे 3 कोटी. गुरे हजाराच्या आसपास, त्यांना 2 कोटी. म्हणजे माणसे आणि गुरे मिळून 5 कोटी. मैत्रिणींनो, आपण घरात भांडी विसळताना, धुणे धुताना जिवाचा आटापिटा करतो ते सारे या 5 कोटींत आले. उरलेले शेतीचे.

एका एकराला एक पाळी पाटाने दिली की सुमारे 3 लाख लिटर पाणी लागते. हरभरा दोन पाळ्यांत येतो, म्हणजे 6 लाख. गव्हाला सहा पाळ्या, 18 लाख. उन्हाळी कांद्याला बारा, म्हणजे 36 लाख. आणि पाटपाण्याचा एक एकर ऊस वर्षाला एक कोटीच्या घरात जातो. एक कोटी म्हणजे किती? आपल्या हिशेबाने 500 माणसांचे वर्षभराचे पाणी. आमच्या एका एकराच्या उसाने गावातल्या प्रत्येक तिसऱ्या माणसाचे पाणी प्याले. हे गणित मी तीन वेळा करून पाहिले. उत्तर बदलले नाही.

गेल्या हंगामात आपल्याकडे कांदा 60 एकर होता, गहू 50, हरभरा आणि ज्वारी 100, ऊस 8. कांद्याचे साडेएकवीस कोटी, गव्हाचे 9, हरभरा-ज्वारीचे 6, उसाचे 8. त्यात पिण्याचे 5 मिळविले की बेरीज पन्नास कोटींच्या जवळ येते. जमा 40, खर्च 50. शंभर रुपये मिळविणाऱ्या घरात सव्वाशे खर्च झाले तर आपण काय म्हणू? दर साल पंचवीस रुपयांची चीजवस्तू मोडीत निघाली म्हणू.

हा हिशेब ढोबळ आहे, हे मी जाणते. शेताला दिलेल्या पाण्यातले थोडे परत मुरते. तसेच मुरलेल्यातले थोडे ओढ्याने निघूनही जाते. ते एकमेकांत वळते केले असे मी धरले आहे. शास्त्र शिकलेली माणसे याहून बारकाईने मोजतात. तेही शेवटी हेच पाहतात की दरवर्षी वापरण्याजोगे जमा होणाऱ्या पाण्यातले शंभरी किती आपण उपसतो. 70 पर्यंत असेल तर तो भाग सुरक्षित. 70 ते 90 अंशतः शोषित, 90 ते 100 शोषित, आणि शंभराच्या वर गेला की अतिशोषित.

कोणी म्हणेल, पेपरात तर येते की महाराष्ट्रात उपसा निम्म्याच्या आसपासच आहे. तेही खरे आहे. 2024 च्या मोजणीत साऱ्या देशाचा आकडा शंभरी 60 च्या जवळ आला, आणि पंजाबचा मात्र दीडशेच्या वर. पण सरासरी ही मोठी फसवी बाई आहे. पंगतीत अर्ध्यांनी दुप्पट जेवावे आणि अर्ध्यांनी उपाशी उठावे, तरी पत्रावळी मोजणारा म्हणेल की जेवण सर्वांना पुरले. याच महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील वरूड-मोर्शीचा संत्र्यांचा मुलूख आणि जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावलचा केळीचा मुलूख अतिउपशापायी वर्षानुवर्षे गाजत आले. राज्याच्या आकड्याने तेथली विहीर भरली नाही. आपलीही भरणार नाही. आपली विहीर आपल्या पाणलोटापुरतीच असते, आणि तिचे खाते तेवढ्यापुरतेच मांडावे लागते.

दुसरे कोणी म्हणेल, पाणी अडवावे, जिरवावे, म्हणजे झाले. अडवावे, जरूर अडवावे. आपल्या ओढ्यावरचा बंधारा 2022 मध्ये झाला, आपणही श्रमदानाला गेलो होतो. परंतु त्याच्या पुढच्याच वर्षी बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पाच नवे बोअर झाले. पगार वाढला म्हणून सारा वाढीव पगार उधळला, तर शिल्लक पहिल्याइतकीच राहते. जमा वाढविणे हा एक हात झाला. खर्चाला गाठ मारणे हा दुसरा. एका हाताने टाळी वाजत नाही.

हे होण्यासारखे आहे का? गेल्या वर्षी मंडळाची सहल आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला गेली होती. तेथे पाऊस आपल्यापेक्षा जास्त पडत नाही. श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर 1990 च्या सुमारापासून त्या गावाने ओढे-डोंगर बांधले, हे सर्व सांगतात. परंतु मला मोलाचे वाटले ते निराळेच. शेतीसाठी बोअर घ्यावयाचा नाही आणि ऊस-केळी लावावयाची नाही असे गावाने ठरविले. पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पिण्याचे पाणी आधी बाजूला काढतात आणि उरलेल्यावर रब्बीची पिके ठरवितात. पाऊस कमी तर पीकही कमी पाण्याचे.

त्याहीपूर्वीचे उदाहरण पुरंदर तालुक्यातील नायगावचे. बहात्तरचा दुष्काळ पाहून श्री. विलासराव साळुंखे यांनी तेथे पाणी पंचायतीचे काम सुरू केले. त्यांनी पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या मापाने दिले. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि एका कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा होता, आणि उसाला बंदी. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा, हे ऐकून मला आपल्या शेजारच्या वहिनी आठवल्या.

आता घरी काय झाले ते सांगते. मोटर जळाल्याची गोष्ट मी यांना सांगितली तेव्हा हे रागावले. म्हणाले, “आपल्या रानात आपण खोदले, कर्ज आपण काढले. कोणाच्या विहिरीत जाऊन तर उपसले नाही?” त्यांचेही चूक नव्हते, सारे गाव असेच म्हणते. मी वाद घातला नाही. फक्त म्हटले, चार दिवस मोटर बंद ठेवून पाहू. चौथ्या दिवशी मी दोर घेऊन यांना वहिनींच्या विहिरीवर नेले. पाणी दीड फूट वर आले होते. हे बराच वेळ काठावर उभे राहिले आणि काही न बोलता घरी आले.

मग आणखी एक गोष्ट कळली. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या जागेपासून 500 मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर खोदू नये, असे 1993 च्या कायद्यानेच सांगितले होते. 2014 पासून नवा भूजल कायदा लागू झाला. त्यातही पिण्याच्या पाण्याच्या विहिरींचे रक्षण करण्याची तरतूद आहे. आमचा बोअर गावविहिरीपासून तीनशे पावलांवर आहे. आम्हाला कोणी विचारले नाही, आणि आम्हीही कोणाला विचारले नाही.

त्या वर्षी ऊस तुटून गेला आणि आम्ही खोडवा ठेवला नाही. तेथे आता हरभरा आणि ज्वारी करतो. कांदा अर्धा केला आणि त्याला ठिबक बसविले. दोन वर्षे ओढाताण झाली. बोअरचे कर्ज अजून थोडे बाकी आहे. धाकट्या मुलाची मोटारसायकल राहिली. तो चार महिने माझ्याशी धड बोलत नव्हता. तेव्हा कोणी असे समजू नये की मी दुसऱ्यांना फुकटचा उपदेश करते. उसाचे बिल हातात पडते ते दिसते. विहिरीचे पाणी उतरते ते दिसत नाही. म्हणूनच तर मोजावे लागते.

आणि एवढे करूनही 2024 च्या फाल्गुनात गावविहीर आटलीच. एका घराने मोटर आवरली तर वाचलेले पाणी दुसऱ्याच्या बोअरला जाते. हे म्हणाले, “पाहिलेस? आपण सोडले आणि दुसऱ्यांनी उपसले.” मला उत्तर देता आले नाही. त्या उत्तरासाठीच मी आज तुमच्यासमोर उभी आहे. हे एका घराचे काम नव्हे.

बोअर घ्यावयाचा की नाही हे ठरविताना आपल्याला कोणी विचारीत नाही, असे आपण म्हणतो. ते बरेचसे खरे आहे. पण टँकर आला की हंडा घेऊन धावावयाचे कोणी? टँकरच्या त्या दीड महिन्यात आपल्या गावच्या दहावीतल्या दोन मुली परीक्षेच्या सकाळीही रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या आया येथेच बसल्या आहेत. ज्यांच्या डोक्यावर हंडा, त्यांच्या हाती वही असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

बचत गटात आपण दहा-दहा रुपयांचा हिशेब ठेवतो. कोणी घेतले, कोणी फेडले, सारे लिहितो, आणि एकीने बुडविले तर साऱ्याजणी तिच्या दारी जातो. मग ज्या ठेवीवर सारे गाव जगते तिचीच वही नसावी काय?

म्हणून मंडळापुढे तीन गोष्टी ठेवते.

पहिली, गावविहीर, वरच्या वस्तीची विहीर आणि वहिनींची विहीर अशा तीन विहिरींचे माप मंडळाने घ्यावे. दिवाळीला, संक्रांतीला, होळीला आणि वैशाखअखेरीस. आकडे देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर लिहावेत, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील. तेथे कोणाचे नाव लिहावयाचे नाही. फक्त पाणी किती फुटांवर आहे ते.

दुसरी, 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला आपण साऱ्याजणींनी जावे आणि रब्बीची पेरणी होण्यापूर्वी पाण्याचा जमाखर्च वाचून दाखवावा. मी हिशेब करून पाहिला आहे. आठ एकर ऊस सोडून तेथे हरभरा केला आणि गव्हातला निम्मा हरभऱ्याकडे वळविला, तर पन्नास कोटींचा खर्च चाळीसच्या आत येतो. अगदी काठोकाठ येतो, पण येतो. कांद्याला हात लावावा लागत नाही. पाऊस कमी झाला तर मात्र कांद्याचाही विचार करावा लागेल, हे आधीच सांगून ठेवते.

तिसरी, गावविहिरीच्या पाचशे मीटरच्या आत नवा बोअर होऊ देऊ नये, आणि जे आहेत त्यांनी होळीनंतर शेतीसाठी मोटर लावू नये. आमच्या घरापासून सुरुवात करते. यांनी काल रात्री होकार दिला आहे. एकदम दिला नाही, जेवण झाल्यावर दिला, पण दिला.

आज कोणी हात वर करून मत देऊ नये, अशी माझी विनंती आहे. येथे बसलेल्या निम्म्याहून अधिक जणींच्या घरी बोअर आहे. घाईने वर केलेला हात घरी गेल्यावर खाली येतो. आधी घरी बोला. भांडण होईल, होऊ द्या. पुढल्या रविवारी सकाळी सात वाजता मी दोर घेऊन गावविहिरीवर उभी असेन. ज्यांना यावयाचे त्यांनी यावे. कोणी तरी दोर धरावयास लागते, कोणी वहीत लिहावयास. वहिनींनी दोर धरावयाचे कबूल केले आहे.

गेल्या महिन्यात वहिनी किती तरी वर्षांनी आमच्याकडे आल्या. त्यांच्या पाटीत मेथीच्या दोन जुड्या होत्या. मी पैसे देऊ लागले तर त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, “तुमच्याच पाण्याची आहे.” मी म्हटले, “नाही वहिनी, तुमच्याच.” मग आम्ही दोघी हसलो. ती मेथी कोणाच्या पाण्याची, हे अजून ठरलेले नाही, आणि तसे ते ठरूही नये.

 तिळगुळाचे ताट माझी वाट पाहत आहे. येथेच माझे चार शब्द पुरे करते.